बिलाच्या पाठीवर

कुमुद इंदूरला गेली, लेकीच्या बाळंतपणाला.
मी इथे ग्वाल्हेरात, दौलतगंजच्या दुसऱ्या मजल्यावर,
सव्वा महिन्यासाठी घराचा प्रभारी.
(प्रभारी हा शब्द माझा. एकतीस वर्षं वीज मंडळात काढली,
जिभेवरून जात नाही.)

पहिल्याच रात्री फोन : अहो, लिहून घ्या.
कागद सापडेना. एप्रिलचं बिल उलटं केलं.

कूलरचा पंप आधी, पंखा दहा मिनिटांनी.
वाळा भिजू द्या, कोरड्यातून नुसती लू येते.
आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा,
आत आलेल्या हवेला जायला वाट नको का?
बंद खोलीत कूलर म्हणजे ओल्या गोणीत झोपणं.

तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड, पहाटे.
मोटर लावून पेपर वाचत बसू नका.
टाकी भरत आली की नळाचा आवाज जाड होतो.
जाड म्हणजे?
ऐकलंत की कळेल.

पंप कुरकुरला तर क्षार बसलाय.
प्लग काढा, मग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा.
लिंबूसत्त्व ‘मेथी’ लिहिलेल्या बरणीत.
मेथी कुठे, ते विचारू नका, तुम्हाला लागणार नाही.

दूध तापवताना पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं.
(तरी उतू गेलं. हे बिलावर नाही.)

फोन तापला तर कव्हर काढून सावलीत ठेवा,
कुशवाहांसारखा फ्रीजमध्ये नको.
त्यांच्या फोनच्या काचेत अजून दव दिसतं.

नवव्या दिवशी दुपारी मेसेज :
प्रिय ग्राहक, मागील बिल जमा नाही,
आज रात्री साडेनऊला वीज कापण्यात येईल,
ताबडतोब अधिकाऱ्याशी या नंबरवर बोला.

मी हसलो. असल्या नोटिसा मीच लिहायचो.
रात्री साडेनऊला आमचा लाइनमन
खांबावर नसतो, घरी जेवत असतो.
हसलो,
आणि तरी साडेआठला अंगठा त्या नंबरवर.
सेहेचाळीस डिग्री, रिकामं घर,
कूलरचा तो एकसुरी आवाज, आणि तो बंद पडला तर?

बिल शोधलं. भरलेलं होतं, पावती टाचलेली.
मागच्या बाजूला, कडेला, तिरकी एक ओळ,
तिनं सांगितली आणि मी न ऐकता उतरवलेली :
जो घाई करतो, त्याला फोन करायचा नाही.
अंगठा उचलला. नंबर ब्लॉक केला.
साडेनऊ वाजले. पावणेदहा. लाईट होती.

झोप येईना, म्हणून घरातल्या खटक्यांवर
नावं चिकटवायला घेतली.
लष्करभरच्या घरांचा भार मला तोंडपाठ होता,
आपल्या स्वयंपाकघरात कुठला खटका कशाचा, माहीत नाही.
चौथा दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला.

सकाळी फोनवर विचारलं, चौथा कशाचा गं?
पलीकडे बाळ रडत होतं. ती म्हणाली,
पंख्याचा. सात वर्षं बंद आहे.
तुम्हाला तीनदा सांगितलं होतं.
रागानं नाही म्हणाली. दुधाचा भाव सांगावा तशी.
मग म्हणाली, ठेवते, शेक द्यायचाय.

वर पाहिलं. पात्यांवर तेलकट काजळी,
तिच्या सात मे महिन्यांच्या पोळ्यांची.

मेन बंद केला. स्टुलावर चढलो.
कपॅसिटर फुगलेला होता, बाकी काही नाही.
नया बाजारात ऐंशी रुपये.
पुसायला मात्र अख्खी दुपार लागली, सोड्याच्या पाण्यानं,
तीन फडकी वाया.

संध्याकाळी तिचा फोन. मी स्वयंपाकघरातूनच उचलला.
हा आवाज कसला?
काही नाही, म्हटलं, खिडकी उघडी ठेवलीय,
चार बोटं.
ती गप्प राहिली जराशी.
मग म्हणाली, लिहून घ्या,
कणीक मळताना पाणी एकदम ओतायचं नाही.