दोन माणसांचा तंबू

पिशवीवर छापलंय: दोन माणसांसाठी.
आम्ही तिघं. शिवाय कळशी, स्टोव्ह,
आणि आईनं न विचारता घेतलेल्या दोन चादरी,
"तुझ्या तंबूला अंथरूण असतंय का गं?"

हिप्परग्याचा तलाव, तुळजापूर रस्ता सोडून आत,
जिथं कुणीतरी एकदा बाग करायला घेतली
आणि एक घसरगुंडी, एक सिमेंटचा बगळा,
'फुले तोडू नयेत' एवढ्यावर थांबवली.
फुलं नाहीत. पाटी आहे.

मुरमात खुंट्या जाईनात.
मी दगडानं ठोकते, त्या वाकतात.
अप्पा मदतीला येत नाहीत.
त्यांनी तंबूचं कापड चिमटीत धरून उन्हाकडं नेलंय,
चौतीस वर्षं यंत्रमागावर घातलेला माणूस
अंगठ्यानं धागे मोजतोय.
"नायलॉन. आत बारीक चौकडा टाकलाय.
फाटलं तर चौकटीतच थांबेल."
मग, बऱ्याच वेळानं, "बरं विणलंय."
माझ्या बारावीच्या निकालालाही
एवढं कौतुक मिळालं नव्हतं.

दोरी तुटली तेव्हा मात्र आले.
दोन बोटं, न बघता, एक गाठ.
खुंट्यांच्या जागी धोंडे.
तंबू उभा राहिला, थोडा अक्कलकोटच्या बाजूला झुकून.

कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्यात पडलेली मुंगी.
पाण्यावर एक टिबुकली बुडते,
आपण इथं बघावं तर तिथं निघते.
आई तिला ओरडून सांगते, "अगं, बास की!"

अप्पांचे कान मागानं खाल्ले.
आमच्या घरात सगळ्यांना ओठ वाचता येतात,
शेजारच्या बालमणीलासुद्धा;
आमच्या गल्लीत भांडायचं तरी समोर यावं लागतं.
पण अंधार पडला की बोलणं बंद.
म्हणून तंबूत
"थंडी वाजतेय का अप्पा?" एवढं विचारायलाही
टॉर्च आपल्याच हनुवटीखाली धरायचा.
आईचं तोंड असं भुतासारखं उजळलं
आणि काय सांगायचं तेच ती हसता हसता विसरली.
एक टॉर्च, तीन माणसं.
ज्याच्या तोंडावर उजेड, त्याची पाळी.

दहाच्या सुमाराला कळशेट्टी आले,
तलावाचे रखवालदार. कानटोपी, काठी,
आणि बॅटरीचा झोत सरळ अप्पांच्या तोंडावर.

अप्पांना वाटलं, आपली पाळी.

ते सांगू लागले. नाव, गल्ली,
कारखाना कुठल्या साली बंद पडला,
रात्रपाळीत रात्र कशी ती कधी दिसलीच नाही,
आणि आज इथं झोपायचं तर
खालून खटखट येत नाही, जमीन हलत नाही,
पाठीला काय धरून झोपावं कळेना.
हे आम्हाला सांगितलं नव्हतं.
आई चादरीचा काठ मुठीत धरून बसली.

मग अप्पांनी आपला टॉर्च उचलला,
कळशेट्टींच्या ओठांवर धरला
आणि वाट बघितली.

"इथं रात्री राहायला परवानगी न..."
एवढं मी ऐकलं.
पुढं आवाज आला नाही.
पाठमोरे कळशेट्टी, कानटोपी हलतेय,
बहिऱ्याशी बोलताना माणूस बोलतो तसे
नुसत्या ओठांनी काहीतरी सांगतायत,
बराच वेळ.
काठी कधी खाली ठेवली त्यांना कळलंही नसावं.
अप्पा मान हलवत राहिले. मग सरकले.
दोन माणसांच्या तंबूत चौथ्याचे गुडघे आले.
आईनं अंदाजानं स्टोव्हला पंप मारला.

सकाळी तंबू पिशवीत मावेना.
विकत घेतलेला तंबू पिशवीत परत जात नाही, म्हणे,
असं ऑफिसातली सगळी सांगतात.
अप्पांनी मला बाजूला केलं.
तो झटकला, काठाला काठ लावला,
पेठेत गठ्ठ्यात जायच्या चादरीची घडी घातली,
गुडघ्यानं दाबली.
वर चार बोटं जागा उरली.
आईनं तिथं साखरेची पुडी कोंबली.

रिक्षात मी त्यांच्या समोर तोंड नेऊन विचारलं,
काल रात्री काय म्हणाले ते?

अप्पा बाहेर बघत होते.
"आता दिवस आहे," म्हणाले.