अर्ध्यात उठलो

आईने नाव ठेवलं शांतवन.
शेवगावच्या मंडळीत पाळकांनी तेच
पाण्यासकट कपाळावर टेकवलं.
आणि इथे मस्कतला, रुवीच्या खोलीत,
दीड महिना झाला
मी बरकतशी बोललो नाही.

चाळीस रियाल. एवढंच.
त्याच्या खाटेपासून माझी खाट अडीच हात,
मधे एसीचं पाणी ठिबकतं तो डबा.
डबा कोणी ओतायचा, यावरही अबोला.

शुक्रवारी उपासनेला गेलो.
मल्याळी, तेलुगू, फिलिपिनो,
शेवटच्या बाकावर आम्ही चौघे मराठी.
दानाची थैली रांगेरांगेने सरकत आली
आणि खिशातली नोट
तव्यासारखी लागली हाताला.
दान तिथेच ठेव, आधी भावाकडे जा, म्हणतो तो.
मला वाटायचं, भाऊ म्हणजे
आपल्या बाकावरचा.

उठलो.
बाहेर बेचाळीस अंश, डोंगर भाजून काळे,
चपलेचा तळ डांबर सोडेना.
शांती अशी असते हे कुणी सांगितलं नव्हतं:
घामाघूम, छातीत धडधड,
लिफ्ट बंद, तीन मजले.

जुम्म्याला निघता निघता
बरकत डबाच उचलत होता.
टोपी डोक्यावर, बाह्या दुमडलेल्या.
"सलाम," मी म्हणालो.
चार वर्षं कानावरून जातोय हा शब्द,
आज तोंडात घेतला
तर माझंच नाव निघालं.

पैशांचं त्याने काही काढलं नाही.
मीही नाही.
डबा काठोकाठ भरला होता.
मी दुसरी कडा धरली.