याआधी दुसरं नाव होतं का?

डार्लिंग्टनला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
टेबलावर पासपोर्ट,
त्याच्यावर पालथा फोन.
चिप सापडत नाही म्हणे.
मी फोन इंच इंच सरकवते,
नाडी शोधावी तशी.
अडतीस वर्षं हेच केलं इथल्या हॉस्पिटलात,
दुसऱ्यांच्या मनगटांवर.

सापडली. फोन थरथरला.

आता फोटो. चष्मा काढा. हसू नका.
हसण्यासारखं होतं तरी काय?
तरी तीनदा नापास झाला चेहरा.
चौथ्यांदा फ्रिजच्या पांढऱ्या दाराला पाठ लावून उभी राहिले
तेव्हा कुठे त्याला मी पटले.

मग अमेरिकेचे प्रश्न.
संसर्गजन्य रोग आहे का?
कधी अटक झाली होती का?
हेरगिरी, घातपात, असलं काही मनात आहे का?
(असलं तर सांगेन, ही त्यांची श्रद्धा.)
अहो, शेजारच्या ब्रेंडाच्या वाढदिवसाचं गुपित
दोन दिवस टिकलं नाही माझ्या पोटात.
नाही. नाही. नाही.
एका बैठकीत नऊ वेळा नाही.
त्र्याहत्तर वर्षांत म्हटलेले सगळे गोळा केले
तरी एवढे भरतील की नाही, शंका आहे.

एक रकाना मात्र वरच सोडून आले होते.
'याआधी आपल्याला दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखत होते का?'

ताटात तांदूळ पसरले होते.
यांनी अंगठीने लिहिलं: मृणाल.
कुणीतरी मोठ्याने वाचलं, पेढे फिरले.
'लंडनात द्वारका कोण म्हणणार हिला?'
मामंजी म्हणाले. त्यांचं सगळं इंग्लंड म्हणजे लंडन.
सगळे हसले, मीही हसले असेन.
मला आठवतं ते एवढंच,
तांदूळ नवा होता, कणी फार होती,
आणि संध्याकाळी त्याच ताटातला
सासूबाईंनी भाताला घेतला.
नाव शिजून गेलं, सगळे जेवले,
आणि तरी पन्नास वर्षं पुरलं.

टोलिडोहून भाची सांगते,
आईला आता माणसं कळत नाहीत.
'मृणालमावशी येतेय' म्हटलं
तर विचारते, कोण ही बाई? कुणाकडची?
पण रात्री उठून दाराशी जाते,
लॅच चाचपते, मिळत नाही तिला,
म्हणते, 'द्वारकी बाहेर राहिली गं,
दंव पडतंय, आत घ्या तिला.'

गोदाताई. तिचं नाव कुणी बदललं नाही.
लग्नच केलं उशिरा, आपल्या मर्जीने,
आणि ताटबीट काही मांडू दिलं नाही.

'हो' वर बोट ठेवलं.
दोन चौकोन उघडले.
आडनाव: खडपे. हे सरळ गेलं.
नाव लिहिता लिहिता अडखळले,
डी, डब्ल्यू, ए, आर, के...
फोनने खाली लाल रेघ ओढली,
अदबीने विचारलं,
'डार्क म्हणायचंय का आपल्याला?'

नाही.
दहाव्यांदा, आणि हा मोठ्याने,
रिकाम्या स्वयंपाकघरात.
शेवटचं ए टाइप केलं.

पैसे भरले. पडद्यावर आलं:
अर्ज विचाराधीन आहे,
बहात्तर तास लागू शकतात.
लागू देत.
मी चहा ठेवला. साखर दोनदा घातली बहुतेक.
बॅगेत तिच्यासाठी काय काय न्यायचं
याची यादी काढायला घेतली
आणि पहिल्याच ओळीवर थांबले:
तिला आता काय आवडतं?

दारावर टकटक.
ब्रेंडा असणार, लोणच्याची बरणी परत द्यायला.
'म्रिनॉल?' बाहेरून हाक,
तिच्या परीने अगदी नीट.
'आले गं,' म्हणाले मी, मराठीतच,
आणि कुठल्या दाराला म्हणाले
ते कळायच्या आत
कडी काढलीही होती.