चोवीस लाख तुग्रिक

उलानबातर, दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला
माझा गाळा. दीड माणूस मावतो.
बाहेर उणे एकतीस.
दाराशी येणारा आधी चष्मा पुसतो,
मग भाव विचारतो.

या दोघांना चष्मा नव्हता.
थोरला गोंबोसुरेन, कोळशाच्या ट्रकवर;
नखांच्या कडेला दक्षिणेचा सगळा रस्ता.
धाकटा तुव्शिन, पंधराचा,
हातात वहीचं फाडलेलं पान,
घडी इतक्यांदा उघडलेली
की प्रोसेसरचं नाव मधोमध विरलं होतं.

चोवीस लाख, थोरला म्हणाला.
पाकीट काउंटरवर ठेवलं,
हात मात्र त्यावरून काढला नाही.

ही रक्कम माझ्या ओळखीची.
अठ्ठेचाळीसवाला येतो, खोका उचलतो, जातो.
बारावाला जुनं मागतो, खाली बघत.
मधल्याशी बोलावं लागतं.
त्याला सगळं हवं असतं
आणि सगळं कळतही असतं,
हीच त्याची पंचाईत.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण पंधराव्या वर्षी पायच रोज वाढतात.

पोरगा तयारीचा.
अर्धे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, म्हणाला,
प्रोसेसर मागच्या पिढीचा चालेल,
मदरबोर्ड साधा,
मॉनिटर मामाचा आहे,
वरच्या कोपऱ्यात एक ठिपका मेलाय,
तिकडून शत्रू येत नाही कधी.
मी हसले. तो हसला नाही.

आणि पॉवर सप्लाय?
तो गप्प.
राहता कुठे?
वर, टेकडीच्या उतारावर, गेरमध्ये.
संध्याकाळी साऱ्या वस्तीचे हीटर एकदम लागतात,
आमचा बल्ब काजवा होतो.
मग ऐक, म्हटलं, हा काळा ठोकळा
कुणी बघत नाही, कुणी मिरवत नाही,
पण यात काटकसर केलीस
तर एका रात्रीत चोवीस लाखांचा धूर.
त्याने पान उलटं केलं,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, लिहिलं.

बेरीज पंचवीस लाख दहा हजार.
बेरीज कुणाचं ऐकत नाही.
रॅम बत्तीसची सोळा केली.
हेडफोन खोडला, दोनदा.
जोडणीचे माझे वीस हजार मी धरलेच नाहीत,
तसं बोलले मात्र नाही.
कॅबिनेट पत्र्याचं, तो म्हणाला,
काच नको, दिवे नकोत,
रंगांनी फ्रेम वाढत नाहीत.
माझंच वाक्य, रोजचं,
त्याच्या तोंडून जरा कोरडं वाटलं.
हिशेब बसला. चोवीसला चोवीस.

तेव्हा थोरला पहिल्यांदा वाकला.
ते दिवेवालं केवढ्याला?
साठ हजार जास्त.
दादा, नको.
डिस्क एक टेराबाइटची आहे ना? अर्धी घे.
दोनच गेम मावतील!
एका वेळी किती खेळतोस?

मग माझ्याकडे न बघता, खोक्याला सांगितल्यासारखं:
सीमेवर पाच-पाच दिवस रांग असते.
पुढच्या गाडीचा एक लाल दिवा, धुळीत.
तेवढंच बघायचं.
घरी आलो की एखादा हिरवा असू दे,
निळा असू दे.
मी खेळणार नाही. बसेन बाजूला.

तुव्शिनने पानावर काहीच खोडलं नाही.
नुसतं ते घडी करून खिशात घातलं.

जोडायला मला पावणेदोन तास लागले.
पंखे फिरले, रंग फिरले,
थोरल्याने मागच्या जाळीशी तळवे धरले:
गरम हवा येते की!
पाकिटावरचा हात कधी सुटला, मला कळलं नाही.

निघताना बजावलं, घरी नेऊन लगेच लावू नका.
थंडीतून आलेल्या यंत्राला आत घाम फुटतो.
दोन तास थांबा.
दोन तास? दोघेही एकदम.
गोंबोसुरेनने घड्याळ पाहिलं, ओठांनी मोजलं.
पहाटे चारला त्याला निघायचं होतं.

अंगातला कोट काढून त्याने कॅबिनेटभोवती गुंडाळला,
नवं कोकरू आत आणतात तसा,
आणि उणे एकतीसमध्ये
स्वेटरवर जिना उतरला.
धाकटा पुढे, दारं उघडत.