रांजणातली प्रत

बस, पोरा. आधी अक्रोड खा.
एवढ्या लांबून आलास, पांढरे हातमोजे घेऊन,
आणि विचारतोस, तीन तास बारा मिनिटांची प्रत कुठे आहे.
सगळे तेच विचारतात.

त्बिलिसीच्या स्टुडिओत, तळमजल्याला माझं टेबल.
ॲसिटोनचा वास केसांत, पावात,
नवऱ्याच्या उशीतसुद्धा.
गळ्यात दोरीला कात्री, बोटांत मेणाची पेन्सिल,
आणि मागे एलिझबार, सिगरेटवर सिगरेट,
"लामारा, वाक्यं काप हवी तेवढी. श्वासाला हात लावू नकोस."

खरं सांगू? घोड्यांची चौदा मिनिटं मी खुशीने कापली.
ते घोडे त्याने पदरच्या पैशाने पोसले होते,
म्हणून त्याला कापवत नव्हती.
लांब तेवढं सगळं थोर नसतं,
लिही हे तुझ्या वहीत.

पण सज्जातली ती बाई.
नवरा पहिल्या रिळातच गेलेला, कुठे ते कुणी बोलत नाही.
लाकडी कठडा, दोरी,
दोरीवर तीन पुरुषी सदरे, ओले.
वारा पडलेला.
चार मिनिटं ती वाऱ्यासाठी थांबते.
बस्स, एवढंच.

मॉस्कोहून आलेला माणूस सभ्य होता.
त्याने चष्मा पुसला.
"ही कुणाची वाट बघते?"
"वाऱ्याची," एलिझबार म्हणाला.
"आणि सदरे कुणाचे?"
मशीन तेवढं घरघरत राहिलं.
सदतीस साली कुणाच्या घरी
असे सदरे उरले नव्हते?
त्याच्याही घरी असतील.
त्याने चष्मा पुन्हा पुसला.

मी कापलं. याच हातांनी.
एकशे दहा मीटर. टोपलीत मावेना,
जमिनीवर सांडलं, सळसळलं.
आता कपडे वाळत घातले की लगेच
ती भाचीच्या लग्नात नाचू लागली, हसू लागली.
थिएटरात मागच्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या,
"काय बाई आहे! विसरलीसुद्धा!"
चार मिनिटं काढली मी
आणि बाई निर्दय झाली.
तिच्या बाजूने उठून काही बोलावं,
तर बोलणार काय?

कापलेलं सगळं मोजून कारखान्यात जायचं,
धुऊन त्यातली चांदी काढायला.
मीटरला मीटर जुळावं लागे.
मी बाईच्या नावावर घोडे पाठवले,
एलिझबारचे जास्तीचे घोडे, धावत गेले चांदीत.
बाई काखेतीला आली, बटाट्यांच्या पोत्यातून.
आईच्या दारूचे रांजण जमिनीत पुरलेले,
त्यातला एक रिकामा होता.
वर दगड, दगडावर चिखल, कडेला मेण.
एलिझबारलाही सांगितलं नाही.
तो गेला तेव्हा स्मशानातून परतताना
जिभेवर आलं होतं.
कुणाला सांगणार?

सत्तावीस वर्षांनी दगड सरकवला
तर शिर्क्याचा भपकारा.
आई काठी टेकत आली, म्हणाली,
"आंबली गं दारू."
मी म्हटलं, हो आई, आंबली.
रिळाची ढेप झालेली.
नखाने सोलू पाहिलं, पापुद्रा हातात आला,
त्यावर ना बाई, ना सदरे,
नुसता चहाचा डाग पडावा तसा रंग.

ने तो डबा, हवा तर. हातमोजे घाल.
तुझ्याकडे यंत्रं असतील, औषधं असतील.
मी नाही म्हणत नाही.

पण आज रात्री टीव्हीवर ती छोटी प्रत लागणार आहे.
जेवायला थांब.
लग्नाचा ढोल वाजायच्या अगदी आधी
सांध्यापाशी मी तीन चौकटी ठेवून दिल्या होत्या.
सज्जातल्या शेवटच्या तीन.
सेकंदाचा आठवा भाग, चष्म्याला न दिसणारा.
तेवढा वेळ पापणी लवू देऊ नकोस.

भिंतीवर दोरीची सावली हलते.
वारा आलेला असतो.