सी टाइप, शेवटची लाइन

भूकंपानं सगळ्यांची घरं सारखीच पाडली.
माय सांगायची, त्या पहाटे
मातीनं कुणाची जात विचारली नाही.
मग टेप घेऊन माणसं आली
आणि माळावर फक्कीनं नवं गाव आखलं:
ए टाइप, बी टाइप, सी टाइप.
ज्याला जेवढं रान, त्याला तेवढं घर.
ज्याला रानच नाही, त्याला उताराची शेवटची लाइन,
जिथं अख्ख्या गावाची मोरी येऊन थांबते.

मी तेव्हा पाळण्यात होते.
आता आशा आहे. म्हणजे, कामाचं नाव तसं आहे.
पगार नाही, मोबदला असतो,
तोही दिवाळी होऊन गेल्यावर.

यंदा माझ्या वहीत एकाच आठवड्यात दोघी आल्या.
अनुजा बिराजदार, एकवीस वर्षं, ए टाइप.
दैवशाला सरवदे, एकवीस वर्षं, सी टाइप.
दोघी पहिलटकरणी. वजन दोघींचं सारखं.
लोहाच्या गोळ्या मी मोजून सारख्याच दिल्या.

पण नळ सारखा नाही.
शनिवारी टाकीचा कॉक सुटतो
तेव्हा बिराजदारांच्या अंगणात पाणी पाऊण तास नाचतं,
शाळेपाशी येईतोवर त्याला दम लागतो
आणि शेवटच्या लाइनीला
चार मिनिटं करंगळीएवढी धार, मग नुसता फुस्स वारा.
दैवशाला त्या वाऱ्याला घागर लावून बसते.
चौथ्या महिन्यात बसली, सातव्यातही बसली.
मग उठून हापशाला गेली.

"पाणी लई पी गं," मी म्हणते,
"लघवीला जळजळ होऊलाली म्हणतीस."
ती म्हणते, "पिऊन जाऊ कुठं?"

संडास बांधलाय. फोटो काढून झालाय.
आत सरपण रचलंय, कारण ओतायला पाणी नाही.
दिवसभर ती ओठ ओले करण्यापुरतं पिते
आणि अंधार पडायची वाट बघते.
बांधाकडं सासू पुढं टॉर्च घेऊन, ही मागं.
हे कोणत्या रकान्यात लिहू?
पत्र्याखालचा मे महिना कुठं लिहू?
रिकाम्या पोटी गोळी घेतली की उलटून पडते.
वही विचारते: गोळ्या दिल्या का? हो किंवा नाही.
हो.

आठव्यात तिची जोडवी बोटात रुतली.
रात्री दोनला फोन:
"अक्का, डोळ्यापुढं काजवे येऊलालेत."
गाडी आली, नाही असं नाही.
पण सिमेंटचा रस्ता पिराच्या कट्ट्यापर्यंतच,
पुढं मोरीचा चिखल.
ड्रायव्हर म्हणाला, रुतल.
चौघांनी तिला बाजेवर आणलं.
माझ्या एका हातात तिच्या चपला, एका हातात वही.

"एवढा उशीर?" निलंग्यात डॉक्टरीणबाई कडाडल्या,
आणि पुढं लातूरला लिहून दिलं.
उशीर आम्ही केला नव्हता.
आम्ही फक्त
शेवटच्या लाइनीतून निघालो होतो.

दैवशाला वाचली.
पोरगी एक किलो सातशे, अठरा दिवस काचेच्या पेटीत.
अनुजाचा मुलगा तीन किलोचा.
पेढा मलाही मिळाला,
वरून, हातावर टाकलेला.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले,
त्या वस्तीतल्या बायांत जागृती कमी आहे, पोस्टर लावा.
लावलं. सार्वजनिक नळाच्या भिंतीवरच जागा होती.
पोस्टरातली गरोदर बाई
काचेच्या ग्लासातून पाणी पितेय, हसत.

परवा वही भरताना शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
शनिवार. ए: पंचेचाळीस मिनिटं. बी: वीस. सी: चार.
गटप्रवर्तक बाईंनी विचारलं, "हे काय गं?"
म्हटलं, "बीपी हाय, मॅडम."
त्यांनी पेनाचं टोपण काढलं.
खोडलं का, ते बघायला मी थांबले नाही.
शनिवार होता.
मलाही घागर लावायची होती.