उताऱ्याबाहेरचं

मुहर्रकला विमानं इतकी खालून उतरतात
की बारावा प्रश्न कागदावर थरथरतो.
रुमाना ओळीवर बोट ठेवते, विमान जाऊ देते,
मग विचारते, अब्बा, घड्याळ थांबवलंत ना?
नाही थांबवलं. तिथं कोण थांबवणार आहे?

कायद्याच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा. उतारे इंग्रजीत.
आधी प्रश्न वाचायचे, म्हणते, मग उतारा.
मला ही लबाडी वाटली.
खेडच्या शाळेत धडा आधी, स्वाध्याय शेवटी,
आणि बहुतेकदा घंटा व्हायची मधेच.

'हाउएव्हर' दिसलं की ती पेन्सिलीनं चौकोन काढते.
लिहिणाऱ्याचं खरं मत त्याच्या पलीकडे राहतं.
चारातले दोन पर्याय लगेच पडतात,
उरलेले दोन जुळे;
त्यातल्या एकाच्या पोटात 'नेहमी' असतं, नाहीतर 'फक्त'.
छातीठोक बोलणाऱ्यावर भरवसा ठेवू नका, अब्बा.

आणि उताऱ्याबाहेरचं काही आत आणायचं नाही.
उतारा म्हणाला मासे झाडावर राहतात, तर राहतात.

परवाचा उतारा गोदीकामगारांच्या विम्यावर होता.
गंमत म्हणून मीही सोडवला.
पाचांपैकी माझे चार चुकले. तिचा एकही नाही.
मला फार माहीत होतं.

काल रात्री तिच्या वहीखाली
मी कंपनीचं पत्र सरकवलं. दीड पान.
गुरुवारपर्यंत सही हवी होती.
तिनं स्वयंपाकघरातलं टायमर आठ मिनिटांवर लावलं, सवयीनं,
आणि म्हणाली, आधी प्रश्न.
तुमचा प्रश्न काय आहे?

हिद्दच्या गोदीत एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं,
नट-बोल्टसुद्धा मोजून घेतले,
पण कागद आला की खाली सहीची रेघ शोधली.
प्रश्न असतो हे ठाऊकच नव्हतं.

सहाव्या ओळीत तिनं चौकोन काढला.
'मे' आहे हे. 'शॅल' नाही.
हिशेबाचे पैसे 'देऊ शकेल', म्हणजे
देईल असं कुठंच लिहिलेलं नाही.
मग माझ्याकडे बघून: तोंडी काय म्हणाले होते साहेब?

मी म्हटलं, ते उताऱ्याबाहेरचं झालं.

खिडकीची काच वाजायला लागली,
कोझिकोडचं असावं, या वेळेला तेच येतं.
ते जाईपर्यंत ती थांबली.
मग वहीचं कोरं पान काढलं, तारीख घातली.
आणा, म्हणाली.
सगळं आणा.